बारा शब्द आणि एक सही

क्रिप्टो गमावलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझं वॉलेट हॅक झालं कसं?" बिटकॉइन 2009 मध्ये सुरू झालं. तेव्हापासून आजवर त्यामागचं कूटलेखनाचं गणित फोडून कोणी कोणाची नाणी पळवलेली नाहीत. चोर त्या वाटेला जातच नाहीत. ते तुमच्याकडून बारा शब्द काढून घेतात, नाहीतर तुमच्याच हातून सही करून घेतात. वॉलेटच्या सुरक्षेचा सल्लागार म्हणून मी जे काही करतो ते याच दोन जागांभोवती फिरतं, आणि वाचकांनी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी या दोन जागा ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आधी शब्द. स्वतःचं वॉलेट पहिल्यांदा उघडलं की ते 12 किंवा 24 इंग्रजी शब्द दाखवतं. हे शब्द, म्हणजेच सीड फ्रेज, 2048 शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांच्यापासूनच तुमच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात. ज्याच्या हाती हे शब्द पडले त्याला तुमचा फोन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. जगात कुठेही बसून तो ते आपल्या वॉलेटमध्ये भरतो आणि तुमची शिल्लक त्याच्या स्क्रीनवर उभी राहते. इथे व्यवहार थांबवणारा ब्रँच मॅनेजर नाही.

आणि हे शब्द लोक ठेवतात कुठे? स्क्रीनशॉट काढून गॅलरीत, स्वतःलाच केलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये, जीमेलच्या ड्राफ्टमध्ये. 2025 च्या सुरुवातीला कॅस्परस्कीच्या संशोधकांनी 'स्पार्ककॅट' नावाचा एक प्रकार उघड केला. गुगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या काही ॲप्समध्ये दडलेला हा प्रोग्राम गॅलरीची परवानगी मागायचा आणि फोटोंमधला मजकूर वाचून त्यात सीड फ्रेजचे शब्द शोधायचा. म्हणजे गॅलरीतला फोटो कोणी माणसाने उघडून बघायचीही गरज उरलेली नाही.

काही जण शब्दांचा क्रम बदलून ठेवतात आणि निश्चिंत होतात. बारा शब्द एकूण 47 कोटी 90 लाख प्रकारे मांडता येतात. आकडा छाती दडपवणारा आहे, पण त्यातली मेख अशी की शेवटच्या शब्दात एक पडताळा दडलेला असतो. त्या चाळणीतून सोळापैकी साधारण एकच मांडणी पार होते. उरतात तीन कोटी, आणि तेवढ्या तपासणं साध्या संगणकाला काही तासांचं काम आहे. शब्दांचे दोन तुकडे करून दोन घरी ठेवणाऱ्यांची गोष्ट याहून वाईट: त्यातला एक तुकडा हरवला की सगळंच गेलं.

मी सांगतो तो उपाय जुनाट वाटेल. कागदावर, हाताने, सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून शब्द लिहा. दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या, पण तेही स्वतः, कोरणाऱ्याच्या दुकानात जाऊन नव्हे. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांतली कागदपत्रं लगद्यासारखी झाली ते आपण पाहिलंय. आणि वॉलेटमध्ये रक्कम टाकण्याआधी एकदा ते पुसून टाका आणि कागदावरचे शब्द बघून परत उभं करा. चौथा शब्द चुकीचा उतरवला होता हे रिकाम्या वॉलेटवर कळलं तर पाच मिनिटं जातात.

घरच्यांसाठी एक वेगळं पत्र हवं. त्यात शब्द नकोत. काय आहे, कोणत्या साधनात आहे, शब्दांच्या प्रती कुठे आहेत आणि कोणत्या माणसाला विचारायचं, एवढंच. बँकेतल्या खात्याला नॉमिनी नोंदवता येतो. स्वतःच्या वॉलेटला तशी सोय नाही. नवरा अचानक गेला आणि बायकोला फक्त 'त्यांचं काहीतरी बिटकॉइनमध्ये होतं' एवढंच ठाऊक, अशा घरात मी गेलो आहे. तिथे माझ्या हातात काहीच नव्हतं.

आता सही, म्हणजे व्यवहाराला वॉलेटमधून दिलेली मंजुरी. ही जागा मला शब्दांहून अवघड वाटते, कारण इथे सावध माणूसही फसतो.

18 जुलै 2024 ला वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून तेवीस कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे दोन हजार कोटी रुपये गेले. ते वॉलेट एका माणसाच्या हातात नव्हतं. सहा सहीकर्ते होते आणि पैसे हलवायला त्यातल्या चौघांच्या सह्या लागत. कंपनीने दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार स्क्रीनवर दिसत होता तो व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झाली तो व्यवहार वेगळे होते. सात महिन्यांनी, 21 फेब्रुवारी 2025 ला, बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं. तिथेही सही करणाऱ्यांना नेहमीचा व्यवहार दिसत होता. त्यांना तो दाखवणाऱ्या वेबपानातच बदल केला गेला होता. दोन्ही चोऱ्यांमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिकेने जाहीर केलं.

घरबसल्या क्रिप्टो ठेवणाऱ्याला यातून घ्यायचं ते असं: हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या ठेवणारं वेगळं छोटं साधन, घेतलं असेल तर त्याच्या त्या इवल्या पडद्यावर आलेला पत्ता आणि रक्कम वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. लॅपटॉपवर काय दिसतंय ते धरायचंच नाही. आणि पडद्यावर अर्थ न लागणारी आकडे-अक्षरांची माळ आली, तर सही नाकारायची. 'फुकट टोकन घ्या' म्हणणाऱ्या साइट्स बहुधा पैसे पाठवण्याची सही मागतच नाहीत. त्या 'अप्रूव्ह' मागतात. तुमच्या वॉलेटमधलं अमुक टोकन हवं तेव्हा, हवं तेवढं उचलण्याची ती परवानगी असते आणि काढून घेईपर्यंत ती तशीच राहते. वॉलेट रिकामं व्हायला मग महिना गेला तरी चोराला घाई नसते.

पत्त्याची फसवणूक मात्र जवळून बघण्यासारखी आहे. इथेरियमचा पत्ता म्हणजे 0x आणि पुढे चाळीस अक्षरं. वॉलेट जागा वाचवायला सुरुवातीची आणि शेवटची चार-पाच दाखवतं, मधे टिंबं. तुम्ही कोणाला पैसे पाठवले की चोराचा प्रोग्राम त्याच सुरुवातीचा आणि त्याच शेवटाचा दुसरा पत्ता तयार करतो आणि तिथून तुम्हाला किरकोळ रक्कम पाठवतो. तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत जाऊन बसतो. मे 2024 मध्ये एकाने मोठी रक्कम पाठवण्याआधी शहाणपणाने छोटा चाचणी व्यवहार केला. मग यादीतून पत्ता उचलला, तो नेमका चोराचा, आणि सुमारे 6 कोटी 80 लाख डॉलरचं रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) तिकडे गेलं. चर्चा इतकी झाली की चोराने बरंचसं परत केलं, पण असं सहसा घडत नाही. म्हणून पत्ता व्यवहारांच्या यादीतून कधीच उचलायचा नाही. घेणाऱ्याकडून नव्याने मागवायचा आणि मधली अक्षरंही ताडून बघायची.

जिथे सही चोरावीही लागत नाही, लोक पैसे आपणहून देतात, तो प्रकार महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. गेनबिटकॉइन या योजनेने लोकांकडून बिटकॉइन घेऊन अठरा महिने दरमहा दहा टक्के देण्याचं आमिष दाखवलं. पुढे परतावा म्हणून एमकॅप नावाचं स्वतःचंच नाणं लोकांच्या हाती ठेवलं. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये सूत्रधाराला पकडलं. आज तोच डाव टेलिग्रामच्या ग्रुपवर, बनावट ट्रेडिंग ॲपमधून चालतो. सुरुवातीला हजार-दोन हजार काढू देतात, विश्वास बसतो, आणि मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी कर भरा' येतं. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे हे खरं, विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो हेही खरं. पण आयकर खातं कोणाच्या वॉलेटवर पैसे मागत नाही.

आणि एकदा फसलेल्याला लगेच दुसरा गाठतो: 'तुमचे पैसे काढून देतो, थोडं आगाऊ द्या, तुमचे बारा शब्द द्या.' गेनबिटकॉइनच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च 2022 मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो वळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. माझ्या व्यवसायातल्या माणसाकडेही याच नजरेने बघा. शब्द मागणारा कोणीही असो, मी असलो तरी, बोलणं तिथेच थांबवा.

फसवणूक लक्षात आली तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी. सोबत ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक), पैसे गेले तो पूर्ण पत्ता, तारीख-वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट तयार ठेवा. चॅट रागाने डिलीट करू नका. पैसे एखाद्या एक्स्चेंजपर्यंत पोचले असतील आणि अजून काढले नसतील, तर पोलिसांच्या पत्रावर ते गोठवता येतात. उरलेली रक्कम नव्या शब्दांच्या, नव्या वॉलेटमध्ये हलवा. जुन्या शब्दांचं वॉलेट पुन्हा वापरू नका.