पंधरा जूनच्या आधी हैदराबाद

शिक्षिकेची उन्हाळी सुट्टी ही बाहेरच्यांना वाटते तेवढी सुट्टी नसते. निकालपत्रके, पटनोंदणीसाठी दारोदार फिरणे, मग घरचे पापड-कुरडया, वर्षाचे गहू, माहेरची दोन लग्ने. यंदा मात्र आम्हा चौघींना खरोखरची रिकामी सुट्टी मिळाली, आणि ती आम्ही कोणाकडे मागितलेली नव्हती. ज्या विनाअनुदानित शाळेत आम्ही दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे शिकवले, तिचे वरचे वर्ग पटसंख्या घटली म्हणून एप्रिलअखेर बंद झाले. शेवटचा पगार हातात आला, स्टाफरूममधल्या कपाटाच्या चाव्या दिल्या, संपले.

तिघींना दुसरीकडे काम मिळाले, अल्हम्दुलिल्लाह. उर्दूच्या आपा बार्शीला जाणार, गणिताच्या बाजी अक्कलकोटला. तिसरीला सोलापुरातच उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायचे होते. विज्ञानाच्या बाजींना मात्र कुठूनच बोलावणे आले नव्हते. पंधरा जूनला शाळा उघडतील तेव्हा चौघी चार दिशांना असणार, हे दिसत होते. म्हणून आपांनी विषय काढला की एकदा चौघी मिळून कुठेतरी जाऊ या, सहलीच्या मुलांची हजेरी न घेता.

घरातून पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता: सोबत कोण? गणिताच्या बाजींचे मिस्टर तयार झाले. चार दिवस ते आमच्या मागे दहा पावलांवर पिशव्या घेऊन चालले आणि भर दुपारी लॉजच्या पंख्याखाली झोपले. अशा सोबतीला काय नाव ठेवायचे!

मुंबईहून रात्री निघणारी हुसेनसागर एक्स्प्रेस पहाटे सोलापूरला येते. डब्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि उकडलेली अंडी होती. खिडकीतून गुलबर्गा गेले, मग शहाबाद. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी जिथून येते ते हे गाव. रुळांच्या कडेला करड्या फरश्यांच्या थप्प्या पत्त्यांच्या जोडासारख्या उभ्या होत्या. विज्ञानाच्या बाजींनी तिथेच चुनखडकाचा धडा सुरू केला, तो वाडी जंक्शनच्या सिमेंट कारखान्यांपर्यंत चालला. तांडूरनंतर डब्यातली कानडी मागे पडली आणि तेलुगू आली. मराठी तर केव्हाच उतरली होती, असे आम्हाला वाटले. ते खरे नव्हते, पण ते पुढे.

नामपल्लीला उतरलो तेव्हा ऊन सोलापूरइतकेच होते, त्यामुळे परके वाटले नाही. संध्याकाळी बसने चारमिनारला निघालो. तेलंगणात बायकांना सरकारी बस फुकट आहे, हे ऐकून गणिताच्या बाजींनी मनातल्या मनात खर्चातून रक्कम वजाही केली होती. कंडक्टरने आधार कार्ड पाहिले, पत्ता महाराष्ट्राचा. सवलत तिथल्या रहिवाशांना आहे. तिकिटे काढली. आमच्या एसटीत बायकांना अर्धे तिकीट असते, असे आपांनी त्याला सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, “तो फिर एसटी लेके आना था ना, आपा.”

चारमिनारविषयी पुस्तकात वाचले होते, शिकवलेही होते. मुहम्मद कुली कुतुबशाहने १५९१ मध्ये तो बांधला. त्याच वर्षी हिजरी सनाची हजारी सुरू झाली. वरच्या मजल्यावर मशीद आहे, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. चार कमानी चार रस्त्यांकडे तोंड करून उभ्या आहेत आणि शहर तिथून चारी बाजूंना पसरलेले आहे. जवळच मक्का मशीद. कुतुबशाहीत सुरू झालेले तिचे काम औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये पुरे झाले. अंगणात कबुतरे, एका बाजूला आसफजाही घराण्याच्या कबरी, आणि दगड असा की दिवसभराचे ऊन पिऊन तो मगरिबनंतरही तळव्यांना चटके देत होता.

इराणी हॉटेलात चहा घेतला. डिकॉक्शन वेगळे, आटवलेले दूध वेगळे, आणि दोन्ही कपातच भेटतात. सोबत उस्मानिया बिस्किट, निम्मे गोड, निम्मे खारट. ते चहात बुडवून बाहेर काढायला जो नेमका क्षण लागतो, तो आम्हाला तिसऱ्या बिस्किटाला सापडला.

दुसऱ्या दिवशी सालारजंग संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असते, म्हणून वार बघून जावे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू इथे आहेत. बुरखा घेतलेल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा इटलीच्या बेन्झोनीने १८७६ मध्ये घडवला. दगडातून पातळ कापड कसे दिसू शकते, हे पाहत आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. पण सगळ्यांत जास्त गर्दी होती ती घड्याळापाशी. तासाचा ठोका पडायच्या वेळी आतून एक छोटा बाहुला दाढीवाला माणूस बाहेर येतो, घंटा वाजवतो आणि परत आत जातो. तेवढ्यासाठी दीडदोनशे माणसे बाकांवर बसून राहतात. बाराला पाच मिनिटे असताना आम्हीही बसलो. बाहुला आला, एक-दोन-तीन करीत बारा ठोके दिले, आणि शेवटच्या ठोक्याबरोबर आम्ही चौघी एकदम उठून उभ्या राहिलो. कोणी ठरवले नव्हते. पंधरा वर्षे घंटा झाली की उठायचे, खडू-डस्टर उचलायचे, पुढच्या वर्गावर जायचे. लोक वळून बघू लागले तसे आम्हाला हसू फुटले. विज्ञानाच्या बाजी मात्र हसल्या नाहीत. “मला पुढचा तास कुठे आहे,” एवढेच म्हणाल्या आणि पर्समधला रुमाल काढला.

त्यावर सांत्वनाचे काहीबाही बोलण्यापेक्षा आम्ही त्यांना लाडबाजारात नेले. चारमिनारपासून निघणाऱ्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना बांगड्यांशिवाय काही दिसत नाही. एका दुकानात कारागीर काम करीत बसला होता. लाख निखाऱ्यावर मऊ करायची, लांब वळी करायची, लाकडी साच्यावर चढवून गोल जुळवायची आणि ती गरम आहे तोवर एकेक खडा चिमट्याने बसवायचा. लाख थंड झाली की खडा धरत नाही, पुन्हा तापवावी लागते. विज्ञानाच्या बाजींचे रडे कुठल्या कुठे गेले. लाख किती तापमानाला मऊ होते, रंग कधी मिसळता, हात भाजत नाही का, असा त्यांनी कारागिराचा तास घेतला. भावाची घासाघीस आपांनी केली. दुकानदार म्हणाला, “येइच भाव है आपा, कम नक्को बोलो.”

येइच. नक्को.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. अशी बोली आमच्याही घरांत आहे. ‘मेरेकू नक्को’, ‘मैइच जातूं’, ‘काइकू’. सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या मुसलमान घरांत हेच ऐकून मुले मोठी होतात, आणि शाळेत आली की वहीतले ‘नक्को’ लाल शाईने कापले जाते. कापावे लागतेच, परीक्षा किताबी उर्दूची असते. पण तो ‘नक्को’ म्हणजे मराठीचा ‘नको’ आहे आणि ‘येइच’मधला ‘इच’ म्हणजे मराठीचा ‘च’: हाच, तूच, आत्ताच. दखनी ही उर्दूची बिघडलेली बोली, असे आपल्यातलेच लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारांत दखनीत दीवान रचले जात होते तेव्हा दिल्लीचे दरबारी फारसीत लिहीत होते. चारमिनार बांधणारा मुहम्मद कुली स्वतः दखनीचा मोठा शायर. पाऊस, ईद, वसंत, फळे, भाज्या, सगळ्यांवर त्याने लिहिले. पुढे १७०० च्या सुमारास आपल्या औरंगाबादचा वली दिल्लीला गेला आणि तिकडच्या शायरांना या भाषेची गोडी लागली. इतक्या जुन्या भाषेत मराठी घर करून बसली आहे आणि आपली मुले मात्र मराठीचा पेपर म्हटले की घाबरतात. मराठी शिकवायला जाणाऱ्या आमच्यातल्या मैत्रिणीने तिथेच बांगड्यांच्या बिलामागे शब्द लिहायला सुरुवात केली. पहिल्या तासाला मुलांना धडा द्यायचाच नाही. त्यांच्याच तोंडचे शब्द फळ्यावर मांडायचे, असे तिचे ठरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर कुतुबशाही मकबरे पाहिले. वाचक भगिनींनी तिथे हयातबख्शी बेगमचा मकबरा चुकवू नये. मुहम्मद कुलीची ती मुलगी, पुढच्या सुलतानाची बेगम आणि त्याच्या पुढच्याची आई. १६२६ मध्ये मुलगा लहान वयात गादीवर आला तेव्हा राज्याचा कारभार तिने सांभाळला. पुरुषांच्या मकबऱ्यांत तिचा घुमट कुठेही कमी नाही. गोवळकोंडा आम्ही निम्माच चढलो. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली तर वर बालाहिसारला ऐकू येते म्हणतात. वर जाऊन ऐकायला कोणी तयार नव्हते, म्हणून टाळ्या खालीच वाजवल्या.

संध्याकाळी उस्मानिया विद्यापीठाचे आर्ट्स कॉलेज. १९३९ मध्ये उघडलेली ती गुलाबी दगडाची इमारत समोरून पाहिली तरी मान दुखते. पण आपांना ती वेगळ्याच कारणासाठी पाहायची होती. त्यांचे माहेर नळदुर्गचे. १९५६ पर्यंत तो मुलूख हैदराबाद राज्यात होता. घरातले जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचायला आजही भाऊबंद आपांकडे येतात. त्या राज्याने १९१८ मध्ये हे विद्यापीठ काढले आणि विज्ञान, वैद्यक, कायदा सगळे उर्दूतून शिकवले. त्यासाठी भाषांतराचे वेगळे खातेच होते, ‘दारुल तर्जुमा’. इंग्रजी ग्रंथ समोर ठेवून तिथे एकेका संज्ञेला शब्द घडवला जाई. विज्ञानाच्या बाजी हे ऐकत राहिल्या. ‘जियाई तालीफ’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण, हे मुलांच्या गळी उतरवण्यात त्यांची वर्षे गेली आहेत.

आम्हाला या इमारतीचा अभिमान वाटला, ते लपवत नाही. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे इथे करून दाखवले गेले. पण दुसरी बाजूही तिथेच पायऱ्यांवर बसून आम्ही बोललो. त्या राज्यातल्या बहुतेक लोकांच्या घरी तेलुगू, मराठी, कानडी बोलली जाई. बीडच्या किंवा परभणीच्या मराठी मुलाला इथे येऊन शिकायचे तर आधी उर्दूचा डोंगर चढावा लागे. आज आपल्या मुलांपुढे मराठीचा आहे. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली की हुशार मूलही वर्गात मुके बसते, हे आम्ही पंधरा वर्षे पाहिले आहे. हैदराबादेत १९४८ नंतर ती उर्दूही गेली आणि इंग्रजी आली. मुलांचा डोंगर काही हलला नाही.

रात्री बगारे बैंगन, मिर्चीचे सालन आणि शेवटी खुबानी का मीठा. हलीम मिळेल अशी आशा होती, पण तो रमजानचा पदार्थ. भर मे महिन्यात कोणी मनापासून घोटत नाही. बाजींच्या मिस्टरांनी बिर्याणीच्या दोन प्लेट एकट्याने संपवल्या आणि पुढच्या वर्षीही सोबतीला येण्याचे कबूल केले. चार दिवसांचा सगळा खर्च, बांगड्या धरून, माणशी साडेचार हजारांच्या आत बसला. चारच्या जागी दोन रकाती, एका खोलीत तीन खाटा आणि एक गादी. प्रवासात सगळेच थोडक्यात भागते.

परतीच्या गाडीत विज्ञानाच्या बाजी बराच वेळ गप्प होत्या. विकाराबाद गेल्यावर म्हणाल्या, यंदा कुठल्या संस्थेच्या दारात अर्ज घेऊन जायचे नाही. घरीच वर्ग काढते. पाचवी ते आठवी, विज्ञान आणि मराठी, आपल्या बोलीतून समजावून मग पुस्तकाच्या भाषेत. विज्ञान त्या घेणार, मराठीला आठवड्यातून दोनदा ती बिलामागे शब्द लिहिणारी. चालेल का, हे त्या आम्हाला विचारत होत्या की स्वतःला, कळले नाही. आपा म्हणाल्या, बेकारीपेक्षा बरे. गणिताच्या बाजींनी पेन काढले. एका मुलाचे तीनशे रुपये धरले तर सुटलेल्या पगाराइतके मिळवायला किती मुले लागतील, फी बुडवणारे किती, खडू आणि विजेचे किती. तांडूर येईपर्यंत आकडा निघाला: तीस. बाजींच्या व्हरांड्यात बसतात पंधरा.

“मग दोन तुकड्या,” विज्ञानाच्या बाजी म्हणाल्या. “एक जोहरनंतर, एक असरनंतर.”