न बोलणाऱ्याचे गाऱ्हाणे

मनुष्याने जी जनावरे माणसाळविली, त्यांत कुत्रा हा सर्वांत जुना सोबती होय. गाईने दूध दिले, बैलाने नांगर ओढला, घोड्याने पाठ दिली. कुत्र्याने मात्र आपले सारे आयुष्यच माणसाच्या दारात आणून ठेवले. महाभारतातील धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याची साथ सोडली नाही. दत्तात्रेयाच्या चित्रात त्याच्या पायांशी चार कुत्री दिसतात. खंडोबाच्या मूर्तीशेजारीही पुष्कळदा कुत्रा असतो. असे असूनही ‘लूत भरलेला कुत्रा’ हे शब्द मराठीत शिवीसारखे वापरले जातात. ज्या प्राण्याला माणसाने देवाच्या पायांशी बसविले, त्याच्याच अंगावरचे केस झडू लागले की त्याला दूर लोटण्यास माणसाला वेळ लागत नाही.

हे कसे घडते, ते एखाद्या घरातील मोत्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. प्रारंभी तो अधूनमधून कान खाजवितो. कुत्रे खाजवायचेच, असे म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही. पुढे तो तासन् तास पंजे चाटतो. शेपटीच्या बुडाशी दात लावून कातडी कुरतडतो. काही दिवसांनी केस विरळ होतात, कातडी लाल होते, जखमांना वास येऊ लागतो. काल मुलांच्या मांडीवर डोके ठेवून झोपणारा मोती मग ओसरीवर जातो, ओसरीवरून अंगणात आणि एके दिवशी अंगणातून फाटकाबाहेर. त्याने चोरी केलेली नसते, तो कोणाला चावलेला नसतो. त्याचा अपराध एवढाच, की त्याला खाज सुटली आणि ती शब्दांनी सांगता आली नाही.

खाज ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु ज्याला एखाद्या रात्री डासांनी फोडून काढले असेल, त्याला ती किती छळते हे सांगावयास नको. कुत्र्याला हा छळ महिनोन् महिने सोसावा लागतो. त्याची झोप उडते आणि स्वभाव चिडचिडा होतो. नखांनी कातडी फाटते, फाटलेल्या कातडीत जंतू शिरतात, जंतूंमुळे खाज वाढते आणि वाढलेल्या खाजेने नखे अधिकच जोराने चालतात. हे रहाटगाडगे आपोआप थांबत नाही. ते कोणीतरी थांबवावे लागते.

या खाजेच्या मुळाशी पुष्कळदा शरीराचीच एक गफलत असते. कातडी ही शरीररूपी किल्ल्याची तटबंदी होय, आणि तटाच्या आत काही पेशी पहारेकऱ्यांचे काम करतात. रोगजंतू दिसला की त्याला अडवावयाचे, हा त्यांचा धर्म. परंतु कधी कधी हे पहारेकरी निरुपद्रवी वाटसरूलाच शत्रू समजतात. गवताच्या फुलोऱ्यातील परागकण, अंथरुणातील धुळीत राहणारे सूक्ष्म किडे, पिसवेची लाळ किंवा अन्नातील एखादा घटक यांच्यावर ते तुटून पडतात. त्या धुमश्चक्रीत जी रसायने बाहेर पडतात, त्यांनी कातडी लाल होते व खाज सुटते. व्हिएन्ना येथील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिसादाला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. परागकणांनी माणसाला बहुधा शिंका येतात व डोळ्यांतून पाणी वाहते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही गफलत बहुधा कातडीवर प्रकट होते. ॲलर्जी हा संसर्गजन्य रोग नव्हे. एका कुत्र्याची ॲलर्जी दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही आणि मुलांनाही लागत नाही. म्हणजे पुष्कळ कुत्र्यांना ज्या भीतीने घराबाहेर काढले जाते, तिला आधारच नसतो.

लुतीची गोष्ट निराळी आहे. ती कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होते. माणसाच्या खरजेचा असाच एक किडा इटलीत बोनोमो व चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिला व १६८७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोपर्यंत खरूज अंगातील रस बिघडल्याने होते, असाच विद्वानांचा समज होता. आजही ‘अंगात उष्णता झाली’ एवढे म्हणून कुत्र्याची लूत तशीच सोडून देणारे लोक आढळतात. लुतीचे मुख्य प्रकार दोन. एकात कानांच्या कडा व कोपरे यांना भयंकर खाज सुटते. तो इतर कुत्र्यांना लागतो आणि माणसालाही त्याने काही दिवस खाज येऊ शकते. दुसरा प्रकार बहुधा पिल्लांत किंवा अशक्त कुत्र्यांत दिसतो. तो सहसा पसरत नाही. योग्य औषध मिळाले तर दोन्ही बरे होतात.

तेव्हा पहिले काम म्हणजे कुत्र्याचे गाऱ्हाणे नीट वाचणे. तो बोलत नाही, परंतु कोठे खाजवितो यावरून पुष्कळ काही सांगतो. शेपटीचे बूड व कमरेचा मागचा भाग तो कुरतडत असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. पंजे, तोंड, कान, काखा व पोट यांना खाज असेल तर हवेतील अथवा धुळीतील ॲलर्जीकडे लक्ष द्यावे. असा त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. ठरावीक ऋतूतच खाज वाढत असेल तर परागकणांचा विचार करावा. बारा महिने सारखीच असेल तर अन्नाचा अथवा घरातील धुळीचा. पावसाळ्यात अंग ओले राहिले म्हणजे बोटांच्या बेचक्यांत व कानांत बुरशीसारखे जंतू वाढून निराळाच त्रास होतो. हे सारे दिवस-वार घालून वहीत टिपून ठेवणे हे घरातल्या मुलांना सहज जमणारे काम आहे. अशी वही घेऊन आलेल्या धन्याकडे पाहून डॉक्टरला निम्मे काम झाल्यासारखे वाटेल.

पिसवांच्या बाबतीत तर ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार होतो. लोक कुत्र्याला पुन्हा पुन्हा धुतात. परंतु पिसवांची बहुतेक प्रजा कुत्र्याच्या अंगावर नसतेच. पिसवेची मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती अंडी केसांतून गळून अंथरुणात, सतरंजीखाली व फरशीच्या फटींत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या कोश करतात व त्या कोशांत कित्येक महिने दबा धरून राहू शकतात. म्हणून डॉक्टरने दिलेले पिसवांचे औषध घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना ज्याचे त्याला वेगळे, सांगितलेल्या मुदतीने द्यावे. अंथरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे आणि कानाकोपरा झाडून काढावा. ज्याला पिसवेची ॲलर्जी आहे, त्याला दोनचार चावेदेखील बेजार करावयास पुरतात.

अन्नाची परीक्षा याहून कठीण. तीत कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले ठरावीक अन्नच सुमारे आठ आठवडे द्यावयाचे आणि दुसरे काहीही द्यावयाचे नाही. खाज थांबली व जुने अन्न देताच पुन्हा आली, म्हणजे चोर सापडला. या व्रताला घरातील सर्वांची साथ लागते. आजीने मायेने टाकलेला दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा आठ आठवड्यांची तपश्चर्या फुकट घालवू शकतो. कारण दूध व गहू हेच कित्येक कुत्र्यांच्या खाजेचे कारण असते. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा महाराष्ट्रात सांगतात. त्या प्रेमाला तोड नाही. मात्र ज्याचा कुत्रा आजारी आहे, त्याला प्रेमापोटी कधी कधी वाटी मागे घ्यावी लागते.

प्रेमाला ज्ञानाची जोड नसली तर रोगापेक्षा इलाज भयंकर होतो. लूत दिसली की तिच्यावर गाडीचे जळके तेल, रॉकेल किंवा फिनेल चोपडण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. कुत्रा आपले अंग चाटतो, हे चोपडणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. ते विष त्याच्या पोटात जाते, आणि कातडी भाजते ती वेगळीच. लसूण-कांदा खाऊ घालून पिसवा जातात, असेही काहीजण सांगतात. प्रत्यक्षात त्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. घरात उरलेले माणसाचे मलम अथवा गोळीही त्याला देऊ नये. माणसाचा साबणही त्याच्या कातडीला मानवत नाही.

खरा मार्ग साधा आहे, पण चिकाटीचा आहे. कुत्र्यांसाठी असलेल्या औषधी शाम्पूने डॉक्टर सांगेल तितक्या वेळा न्हाऊ घालावे. फेस सुमारे दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा आणि मग स्वच्छ धुऊन काढावा. फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पुसावेत व बेचके कोरडे करावेत. खाज थांबविणारी औषधे डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यावीत. स्टेरॉइडची गोळी झटपट गुण देते. परंतु ती दीर्घकाळ चालू राहिली तर तहान, भूक व लघवी वाढते आणि रोगांशी झुंजण्याची शक्ती घटते. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका औषधाने खाजेचा निरोप पोहोचविणाऱ्या रसायनांचे काम रोखता येऊ लागले. तरीही कित्येक ॲलर्जी जन्मभर राहतात. त्या मुळासकट जात नाहीत, केवळ आटोक्यात ठेवता येतात. संध्याकाळी लावलेला दिवा एकदा तेल घालून वर्षभर जळत नाही. तसेच हेही आहे.

यासाठी फार दूर जावे लागते असेही नाही. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. लोक त्याला ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात आणि कुत्र्याला तेथे नेता येते, हे विसरतात. पाळलेल्या प्राण्याची योग्य काळजी घेणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमही सांगतो.

परंतु कायदा माणसाला रात्री उठवीत नाही. अंधारात जमिनीवर आपटणाऱ्या पायाचा टपटप आवाज सर्वांच्या कानांवर पडतो. ‘याला झोपू द्या रे’ म्हणून कोणी कूस बदलतो, ‘हाकला त्याला’ म्हणून कोणी ओरडतो, आणि एखादे मूल दिवा लावून त्याचा पंजा हातात घेऊन पाहते. त्या मुलाला औषधाचे नाव ठाऊक नसेल. परंतु न बोलणाऱ्याचे ऐकण्याची विद्या त्याला लाभलेली असते. अशा मुलाच्या घरी पाळण्यातल्या बाळाला आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनाही आपले दुःख मोठ्याने सांगावे लागत नाही.