सांध्याचे माप

बंगळूरच्या म्हैसूर रस्त्यालगत न्यू टिंबर यार्ड लेआउट ही लाकूडबाजाराची वस्ती आहे. तेथील एका लहानशा सुतारखान्यात गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ सागाच्या पाच फळ्या घेऊन आले. बेळगावचे घर पाडले गेले, तेव्हा माजघरातल्या फडताळाचे एवढेच लाकूड हाती लागले होते. खराब झालेला थर रंधून काढल्यावर फळीची जाडी जेमतेम १२ मिलिमीटर भरली. तिचे कपाट करून त्यात आईची पुस्तके ठेवायची होती, आणि तीही तिच्या वर्षश्राद्धापूर्वी.

सुतार खानापूर तालुक्यातला, तिशीचा. सांध्यांना बिस्किटे घालू, असे तो म्हणाला तेव्हा गृहस्थांना हसू आले. पण हे बिस्कीट म्हणजे बीचच्या लाकडाची दाबून केलेली, ४ मिलिमीटर जाडीची लंबगोल चकती. दोन्ही फळ्यांत अर्धचंद्राकृती खाच पाडायची, फेव्हिकॉलसारखा पाण्यातला सरस लावायचा आणि चकती अर्धी इकडे, अर्धी तिकडे बसवायची. सरसातले पाणी पिऊन ती फुगते व खाच घट्ट धरते. स्वित्झर्लंडमधील लीस्टाल येथे हेर्मान स्टाइनर यांनी १९५५ च्या सुमारास चिपबोर्ड जोडण्यासाठी ही युक्ती काढली. कुसू आणि खुंटी यांच्या प्राचीन घराण्यात ही पाहुणी तशी कालचीच.

तिची रूढ मापे तीन : ० क्रमांक ४७ × १५, १० क्रमांक ५३ × १९ आणि २० क्रमांक ५६ × २३ मिलिमीटर. जाडी तिन्हींची एकच. लाकूड पेलेल तेवढे मोठे माप घ्यावे, हा नियम. गृहस्थांनी त्यातले ‘मोठे’ एवढेच ऐकले.

“अरे, वीस नंबरच घाल. पुस्तकांचं ओझं आहे.”

सुतार काही बोलला नाही. फळीच्या टोकाचा कापलेला तुकडा त्याने उचलला, यंत्र विसावर लावले आणि तुकड्याच्या सपाट अंगावर खाच पाडली. पाते पलीकडून बाहेर आले.

“काका, ह्याला बारा मिलिमीटर आत जावं लागतं. तुमची फळीच बाराची. शून्य नंबर आठच जातो, मागं चार राहतात.”

“आणि ओझं?”

“त्याला खालून पट्टी देतो. बिस्कीट फळीला जागेवर धरतं. सगळं त्याच्यावर टाकू नये.”

गृहस्थ तो फुटका तुकडा हातात घेऊन उभे राहिले. पाचांतली एक फळी अशी गेली असती, तर सहावी कोठून आणणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

सांधा हा शब्द संधीशीच नाते सांगतो. व्याकरणातल्या संधीप्रमाणे येथेही दोन बाजूंनी काही सोडावे लागते. परंतु किती सोडायचे, हे जोडणाऱ्याच्या हौसेवर नव्हे, तर ज्यातून सोडायचे त्याच्या जाडीवर ठरते. आपल्या मायेच्या वस्तूंना आपण बहुधा मोठ्यात मोठा आधार देऊ पाहतो, आणि त्या आधाराची खाच वस्तूला सोसेल का, हे विचारायचे राहून जाते.

पावसाळी हवेत फुगू नयेत म्हणून सुतार बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवी. सांधे जुळल्यावरही त्याने पॉलिशला घाई केली नाही. खाचेभोवतीचे लाकूड ओलीने किंचित उचललेले असते. तेव्हाच घासून सपाट केले, तर सुकल्यावर तेथे खळगा उमटतो. त्या चार दिवसांत श्राद्धाची तिथी उलटून गेली. त्या दिवशी पुस्तके चटईवरच होती, आणि गृहस्थांनी तगादा लावला नाही.

पाचव्या दिवशी कपाट घरी आले. सुतार जाताना परत वळला आणि खिशातून तो फुटका तुकडा काढून त्याने पुढे केला.

“हे पण तुमच्याच घरातलं, काका.”