सरोवराकाठचा ताळेबंद



गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. तिच्या मुलाला अमेरिकेत बफेलोला नोकरी लागली आहे आणि आई-वडिलांनी तिकडे येऊन राहावं असं त्याच्या मनात आहे. "ताई, तुम्ही राहून आलात. तिथली हवा कशी हो? आपल्याला मानवेल का?" मला एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून आज हे लिहायला बसले.

माझा मुलगा बरीच वर्षं बफेलोत आहे. गाव न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने सहा-सात तासांवर. नायगारा मात्र अर्ध्या तासावर. ईरी सरोवराच्या पूर्वेच्या टोकाला ते वसलेलं आहे. सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा येतो. हे तळं 388 किलोमीटर लांब आहे, म्हणजे साधारण सांगली ते मुंबई! पलीकडचा काठ दिसतच नाही.

मी पडले बी.कॉम. नोकरी केली नाही, पण जमाखर्चाची वही कधी सुटली नाही. पहिल्यांदा आम्ही दोघं 2019 च्या मे ते ऑक्टोबर गेलो, तेव्हा वहीत एक पान हवेसाठीच ठेवलं. जमेची बाजू भराभरा भरली. ऐन जुलैत दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश, आणि तळ्यावरून गार वारा. बफेलोत पारा शंभर फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 37.8 ला, नोंदींमध्ये एकदाही पोचलेला नाही. सांगलीचा एप्रिल आठवून मला हसूच आलं.

सगळ्यात मोठी जमा म्हणजे जेवणाची वेळ. माझा रात्रिभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो जवळजवळ नऊला! मुलगा-सून सहाला घरी यायचे, सातला आम्ही पाचही जण एकत्र जेवायला बसायचो, आणि बाहेर लख्ख ऊन. इथे सांगलीत मुलगा शिकायला बाहेर पडल्यापासून अशी पंगत रोज मिळाली नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये इकडे कृष्णेला महापूर आला. आमच्या गल्लीत पाणी शिरल्याचे फोटो मी त्या तळ्याकाठच्या बाकावर बसून फोनवर पाहिले. "आई, आता इथंच या कायमचे," मुलगा म्हणाला. ह्यांनी आणि मी मनातून होकार दिलाच होता.

वर्षाचा ताळेबंद सहा महिन्यांच्या नोंदींवर मांडत नाहीत, हे कॉलेजात शिकलेलं मी विसरले होते.

मध्ये कोरोनाची वर्षं गेली. दुसऱ्यांदा गेलो ते 2022 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला. पोचलो आणि तीनच दिवसांत त्यांनी घड्याळं एक तास मागे केली. आदल्या दिवशी सहाला मावळलेला सूर्य दुसऱ्या दिवशी पाचला मावळला. डिसेंबरात तर पावणेपाचच्याही आधी. मुलगा-सून घरी येईपर्यंत अंधार पडून तास उलटलेला. म्हणजे मी चारला ताट वाढून घ्यायचं आणि सातला ते जेवताना नुसतं शेजारी बसायचं. ह्यांना नियम नाही, ते मुलांबरोबर बसत. एवढ्या लांब ज्यांच्यासाठी आले, त्यांच्या पंगतीला मीच नाही. थंडीचं मला काही वाटलं नाही. थंडीला कोट आहे, घरात ऊब आहे. याला काय करणार?

भाजीचंही तसंच. कडक थंडीच्या मुलखात हिवाळ्यासाठी जे साठवतात ते बहुतेक जमिनीखालचं: बटाटे, गाजरं, बीट, कांदे. आपल्याला नेमकं तेच वर्ज्य. मी कोबी, लाल भोपळा आणि मोड आलेल्या कडधान्यांवर हिवाळा काढला.

आणि बर्फ! कोरडा गार वारा त्या मानाने उबदार तळ्यावरून येतो, वाटेत वाफ उचलतो आणि काठावर आला की ती बर्फ करून ओततो. पाच महासरोवरांत ईरी सगळ्यात उथळ, त्यामुळे ते लवकर गोठतं. गोठलं की हा बर्फ कमी होतो. पण डिसेंबरात ते अजून उघडं असतं. त्या वर्षी 23 डिसेंबरला वादळ सुरू झालं. चार दिवसांत चार फुटांहून जास्त बर्फ पडला. खिडकीतून समोरचं घरसुद्धा दिसेना. रुग्णवाहिकाही अडकून पडल्या. त्या भागात चाळीसहून अधिक माणसं दगावली, काही आपल्या गाडीतच.

पहिल्याच रात्री सात वाजता शेजारच्या आजींचा फोन आला. त्यांच्याकडची वीज गेली होती, आमच्याकडची होती. आजी एकट्या, वय ऐंशीच्या पुढे. मुलगा-सून एकमेकांचे हात धरून गेले आणि त्यांना घेऊन आले. दहा पावलांचं अंतर, पण परत यायला पंधरा मिनिटं लागली. आजी थरथरत होत्या, दुपारपासून पोटात काही नव्हतं.

सून त्यांचे पाय शेकत बसली. स्वयंपाकघरात मी उभी. आपल्याकडे दिवस मावळला की शेगडी पेटवायची नाही, हे मी माझ्या सासूबाईंकडून घेतलं आणि इतकी वर्षं पाळलं. घटकाभर थांबले. मग णमोकार म्हटला आणि मुगाची खिचडी टाकली. आजींनी दोनदा मागून घेतली. मी स्वतः पाणीही घेतलं नाही. झोपण्याआधी प्रतिक्रमणात त्या शेगडीचं आठवून क्षमा मागितली. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पेटवीन, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

आजी तीन दिवस आमच्याकडे होत्या. त्यांचे वडील तळ्याच्या दक्षिण काठावर द्राक्षाचे शेतकरी. त्या म्हणाल्या, तळं वाईट नाही. वसंतात त्याचं पाणी गार असतं म्हणून वेलींना डोळे उशिरा फुटतात आणि शेवटच्या कडाक्यात सापडत नाहीत. शरदात पाणी कोमट असतं, म्हणून पहिला कडाका उशिरा येतो आणि द्राक्षं पिकायला वेळ मिळतो. मी तासगावच्या बागा पाहत वाढलेली. म्हटलं, ज्या तळ्याने आम्हाला कोंडलं तेच यांच्या बागा राखतं तर!

जानेवारीत शाळा सुरू झाली. नातू साडेतीनला घरी यायचा. एक दिवस स्वतःच ताट घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आजी, मी तुझ्याबरोबर चारला जेवणार. सातला पुन्हा जेवेन." एप्रिलपर्यंत त्याने ते पाळलं.

तेव्हा जाऊबाई, माझं उत्तर असं. हवा चांगली की वाईट हे पाऱ्यावर ठरवू नका. तिथे तुमचा दिवस कसा जाईल, मंदिरात आपलं आपण जाता येईल का, आणि जेवायला कोणाबरोबर बसाल, ते आधी विचारा. एकदा तरी हिवाळ्यात राहून पाहा, मगच घर आवरायचं ठरवा. आम्ही कायमचं जायचं रद्द केलं. जमेल तेव्हा उन्हाळ्यात तिकडे, बाकी सांगलीत. इथे पुराची भीती आहेच, पण डिसेंबरातही सूर्य सहापर्यंत थांबतो आणि मंदिर चालत पाच मिनिटांवर आहे.

नातू मात्र अजून फोनवर विचारतो, "आजी, चार वाजले, जेवलीस का?" इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. मी हो म्हणते.

तुमच्यापैकी कोणी थंड मुलखात हिवाळा काढला असेल तर जेवणाच्या वेळेचं कसं जमवलंत ते जरूर कळवा.