होयचे बहुमत

पऱ्हाटीची वेचणी आटोपत आली की बाबा गाडी जुंपून खामगावला निघायचे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीत जायचा. केंद्रावर गाड्यांची लांबच लांब रांग, रात्रीची झोप गाडीखालीच. ग्रेडर काय दर्जा लावतो याची धाकधूक असायची, अन् कापूस मोजून झाला की चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू. त्या रांगेत आमदाराचं मोजमाप व्हायचं. भाऊसाहेब सभागृहात काय बोलले, कापसाचा प्रश्न कुणी काढला, मंत्र्यानं काय उत्तर दिलं? संध्याकाळी रेडिओवर अधिवेशनाचं समालोचन लागलं की बाबा घरात कुणाला बोलू देत नसत.

भाऊसाहेब म्हणजे पांडुरंग फुंडकर. १९७८ला जनता पक्षाकडून खामगावचे आमदार झाले. १९८०ला नव्या भाजपचे राज्यात अवघे १४ आमदार निवडून आले, त्यांत ते होते. पुढे १९८९, १९९१ आणि १९९६ असे तीनदा अकोल्याचे खासदार. मग विधान परिषद, तिथे २००५ पासून विरोधी पक्षनेतेपद. २०१६ला ते कृषिमंत्री झाले. ज्या बाकांवरून प्रश्न विचारले, त्यांच्यासमोर आता उत्तराला उभं राहायचं होतं, आणि २०१७ हे वर्ष फार कठीण निघालं. शेतकऱ्यांचा संप झाला, कर्जमाफी आली, हंगामाच्या शेवटी गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. ३१ मे २०१८ला मंत्रिपदावर असतानाच ते गेले.

आमचा आमदार कुठल्या विधेयकावर कसं मत देतो, हे तेव्हाही कळत नसे. सभागृहात बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात. अध्यक्ष 'होयचे बहुमत' म्हणतात आणि कागद पुढे सरकतो. पोलची मागणी झाली तरच मतं मोजली जातात. पण त्या काळी पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नव्हती. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानं घोडेबाजार रोखायचा होता. तो थांबला नाही. आमदाराचं मत मात्र पक्षाच्या व्हिपला बांधलं गेलं. उरलं ते त्याचं बोलणं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा. माणूस ओळखायचा तो एवढ्यावरच.

४ जुलै २०२२ला मी मोबाइलवर एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव पाहिला. एकेक सदस्य उभा राहिला, एकेक डोकं मोजलं गेलं: १६४ विरुद्ध ९९. बुलढाण्याचे आणि मेहकरचे आमदार शिंदे यांच्याबरोबर होते, हे अख्ख्या जिल्ह्याला पाठ होतं. सरकारच्या खुर्चीसाठी झाली तशी मोजणी कापसासाठी किंवा पीकविम्यासाठी झालेली माझ्या पाहण्यात नाही. चौकातल्या बॅनरवर निधीचे आकडे असतात, सभागृहातल्या प्रश्नांचे नसतात. आणि आपणही ते मागत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

खामगावात आता भाऊसाहेबांचे चिरंजीव आकाश फुंडकर आमदार आहेत, २०१४ पासून सलग तिसऱ्यांदा. डिसेंबर २०२४ पासून मंत्रीही आहेत. मलकापूर, चिखली, जळगाव जामोद, सिंदखेडराजा, मतदारसंघ कुठलाही असो, माझी विनंती एकच आहे. सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तांत छापला जातो. अधिवेशन संपलं की त्यात आपल्या आमदाराचं नाव शोधा, आणि ते गावात आले की त्यांना विचारा: कापसावर काय बोललात?