हत्तीच्या मागे

भर रहदारीतून एक हत्ती चालला आहे. रस्त्याकडेच्या गाडीत बसलेले चक्रपाणि शास्त्री त्याच्याकडे टक लावून बघताहेत. संस्कृतचे गाढे पंडित, पण आता स्मृती दगा देऊ लागलेली. मुलगी इरा जरा खाली उतरली आहे. शास्त्रीबुवा उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात.

‘अस्तु’ या सिनेमातला हा प्रसंग मला दर वेळी आनंद देतो. हे म्हणायला थोडी लाजही वाटते, कारण घरच्यांसाठी ती केवढी आपत्ती! म्हातारा माणूस हरवला, त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, शहर एवढं मोठं. पण मोहन आगाशे यांचा चेहरा बघा. त्या चेहऱ्यावर हरवल्याची खूणही नाही. उलट, कितीतरी दिवसांनी आपल्या मापाचं काहीतरी सापडलं, असा तो उजळलेला आहे. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस गाजवलेला हा नट इथे एक हत्ती दिसला म्हणून हरखून जातो. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. डिमेन्शियाचे पेशंट त्यांना नवे नसणार, आणि तरी अभिनयात कुठे ‘लक्षणं दाखवणं’ नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा हा २०१३चा सिनेमा. थिएटरात यायला २०१६ उजाडलं. लोकांकडून पैसे गोळा करावे लागले तेव्हा कुठे. मराठीत छोट्या सिनेमाचं नशीब हे असं, त्यावर वेगळा गळा काढत नाही.

मी तो पाहिला घरी, आईबरोबर, एका रविवारी दुपारी. आई कडेला शेंगा सोलत बसली होती. सिनेमा बघायचाच, असा तिचा काही निश्चय नव्हता. इरा वडिलांवर वैतागते, तिचा आवाज चढतो, तसा आईचा शेंगा सोलणारा हात थांबला. मला वाटलं, आता ही म्हणणार, काय ही मुलगी, बापाशी असं बोलतात का. पण ती म्हणाली, “बोलणारच. रात्रंदिवस तिलाच बघायचंय ना.”

मला तिथे हा सिनेमा कळला. आपल्याकडे आईबापांची सेवा करणारी माणसं पडद्यावर येतात ती बहुधा समईसारखी शांत, किंवा मग थेट वृद्धाश्रमाची पायरी दाखवणारे राक्षस. मधल्या माणसांना कुणी विचारत नाही. इरा मधली आहे. तिला नोकरी-घर आहे, नवरा आहे, वडिलांविषयी जुने सल आहेत, अभिमान आहे आणि कंटाळाही आहे. कंटाळा हा शब्द आपण अशा जागी उच्चारत नाही. भावे-सुकथनकर मात्र तो तिला उच्चारू देतात आणि त्याबद्दल तिला शिक्षाही करत नाहीत. तिची धावपळ, पोलीस, फोन, मनाची टोचणी, या सगळ्यातून तो वैताग आणि ती माया वेगळी काढताच येत नाही.

आणि मग चन्नम्मा. त्या हत्तीच्या माहुताची बायको, बोलणं कानडी वळणाचं, स्वतःचं मूल सांभाळून तिला हा पाहुणा मिळालेला. हा कोण, कुठला, किती शिकलेला, तिला काही ठाऊक नाही. तो तिला ‘आई’ म्हणतो, आणि ती होते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्या चन्नम्मात दया नाही, घाई तर नाहीच. काय लागलं त्याला, ते देऊन टाकायचं. आमची आजी शेवटच्या काळात आईला ‘वहिनी’ म्हणायची. आई आधी चिडायची, “अगं, मी तुझी मुलगी!” असं दहादा सांगायची. मग एके दिवशी “काय हो वन्सं?” म्हणून मोकळी झाली, आणि आजीने भुकेचं सांगितलं. त्या दोघींची कढी-भाताची बोलणी मग वहिनी-वन्सं म्हणूनच रंगत.

सिनेमात काही ठिकाणी संवाद जरा जास्तच समजावून सांगतात. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्यातल्या. कार्यकर्त्याला वाटतंच, समोरच्याला नीट कळलं पाहिजे. मला ते थोडं खटकतं. पण वडील-मुलीच्या प्रसंगात ही खोड कुठल्याकुठे जाते. मुलीचं नाव विसरलेला हा माणूस श्लोक मात्र अचूक म्हणतो, आणि इराला ते ऐकताना कौतुक वाटावं की राग यावा, हे तिचं तिलाच कळत नाही. मलाही कळत नाही, आणि मला ते आवडतं.

सिनेमा संपला तेव्हा आईने शेंगांची सालं केरात टाकली आणि लगेच मावशीला फोन लावला. “तुला आठवतं का गं, आई मला वहिनी म्हणायची?” पलीकडून मावशी म्हणाली, वहिनी मुळीच नाही, ती तुला ‘माई’ म्हणायची, आणि वहिनी मला म्हणायची. त्यावर दोघींचं जे जुंपलं, ते चहाचं आधण आटून जाईपर्यंत काही थांबलं नाही.