लक्ष्मीबाई आमच्या घरी

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या इब्रामपूरच्या घरात चार पिढ्यांतल्या बायकांना ठाऊक असलेलं पुस्तक एकच, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. आजीने ते ऐकलं, आईने दुपारची भांडी आवरल्यावर थोडं थोडं वाचलं, मी किती वेळा वाचलं त्याची गणती नाही, आणि लेकीने शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचलं. सातेरीची ओटी भरणाऱ्या, एकादशी पाळणाऱ्या घरात एका ख्रिस्ती बाईचं आयुष्य असं मुरलं, याचं पेडण्यात कुणाला नवल वाटू नये. मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या इगर्जीतली मिलाग्रीस सायबीण या बहिणी बहिणी, हे आम्ही बाराखडी शिकायच्या आधी ऐकतो. मिलाग्रीसच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदूही असतात.

गोवा मुक्त झाल्यावर आमच्या भागात मराठी शाळा वाढल्या आणि सावंतवाडीकडचे मास्तर आले. त्यांच्यातल्या एकांनी जाताना ‘स्मृतिचित्रे’ची आपली प्रत आईला दिली. पुठ्ठा सुटलेला होता, तो आईने काजूच्या गोणीच्या सुतळीने शिवून घेतला. पावसाळ्यात शेताची कामं उरकली की संध्याकाळी कंदील लावायचा आणि मी मोठ्याने वाचायचं. आजीला अक्षरओळख नव्हती. पण लक्ष्मीबाईंची मराठी बोलण्यातली, कुठे अडखळू न देणारी. आजी मधेच म्हणायची, “परत वाच गो ता.”

तिला फार आवडायचा तो लक्ष्मीबाईंच्या माहेरचा भाग. 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मलेली ही गोखल्यांची मनू. सत्तावनच्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. आजी स्वतः कडक सोवळ्यातली. तरी तेवढं ऐकताना ती मुलीच्या बाजूने व्हायची.

अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. हा माणूस मोठा कवी, पण प्रपंचात त्याचा पाय ठरेना. आज इथे तर उद्या कुठे. हातातले पैसे समोरच्या गरजवंताला देऊन मोकळा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो प्रसंग मी घाबरतच वाचला होता. वाटलं, आता आजी पुस्तक मिटायला लावणार. आजीने विचारलं ते वेगळंच: “मगे त्या पोराक जेवण कोण घालता?” नवऱ्याने कुठला देव धरला हे तिच्या लेखी पुढचं. बायको-मूल वाऱ्यावर सोडलं, हा तिचा राग, आणि तो तिने अखेरपर्यंत टिळकांवर धरला.

लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपूर-नाशिकला राहिल्या, मग नगरला आल्या, तरी आपलं सोवळं सांभाळून. राहुरीत असताना एका रात्री विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की जात देवाने केलेली नाही, आणि त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा झाला 1900 साली. मला या क्रमाचं फार मोल वाटतं. आधी ताट-पाण्याचा भेद सुटला, मग धर्म बदलला. जी गोष्ट बाईच्या आयुष्यात सगळ्यांत घट्ट, तिथूनच त्यांनी सुरुवात केली. आजीने ते ऐकून स्वतःचं सोवळं काही सोडलं नाही. एवढंच म्हणाली, “बाय खरी आसा.”

कॉलेजसाठी मी म्हापशाला एका वृद्ध ख्रिस्ती बाईंकडे राहिले. नातवंडांसारखी मीही त्यांना शामाय म्हणायची. सात वाजले की आल्ताराजवळचा दिवा लागायचा, शामाय गुडघे टेकायची आणि तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू. गुडघे दुखायचे म्हणून खाली जुनी गोधडी घडी करून घातलेली. शेवटी प्रत्येक नातवंडाचं नाव, मुंबईतलं, कुवेतमधलं, आफ्रिकेतलं. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण, सगळं सायबिणीच्या कानावर घातलं जायचं. मधेच चुलीवरच्या सोरपोतेलाचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्याचा, वास बदलला की प्रार्थना न थांबवता ती मला हाताने खूण करायची, ढवळ म्हणून. लक्ष्मीबाईंची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिची पहिली शंका: “तिगेर तेर्स नासलो?” नव्हता, कारण टिळकांचं घर अमेरिकन मिशनचं, प्रोटेस्टंट. तिथे मूर्ती नाही, जपमाळ नाही, मराठी भजनं. शामायला हे जरा उणं वाटलं. मग नगरच्या प्लेगचं ऐकल्यावर ती गप्प झाली. घरची माणसंही जवळ जायला धजत नव्हती अशा आजाऱ्यांची लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या छावणीत राहून सेवा केली. घरात टिळकांनी आणलेली निराधार मुलं असायचीच, त्यांना न्हाऊ-माखू घालणं, त्यांच्या पोटाचं बघणं हेही त्यांच्याच अंगावर. शामायने त्या रात्री सायबिणीला सांगायच्या नावांत लक्ष्मीबाईंचं नाव घेतलं.

मराठी वाचकांनी लक्ष्मीबाईंचं कौतुक केलं ते विनोदाचं, भाषेचं, नवऱ्याला दिलेल्या साथीचं. शाळेच्या पुस्तकांतही येतात ते गमतीचे प्रसंग. त्यांच्या भक्तीपाशी आपण संकोचतो, आणि हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणेन. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत गेले. त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षं जगल्या, मुलासुनेबरोबर कराचीत राहिल्या, नातवंडांत रमल्या. या उतारवयात, शाळेचं तोंड न पाहिलेल्या या आजीने दोन मोठी कामं केली. एक म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. ती आधी ‘संजीवनी’ मासिकातून आली आणि 1934 पासून पुस्तकरूपाने निघाली. दुसरं ‘ख्रिस्तायन’. येशूच्या जीवनावरचं हे महाकाव्य टिळकांनी सुरू केलं, दहा-अकरा अध्याय लिहिले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय रचून ते पुरं केलं. नवऱ्याने तरुणपणी किती संसार अर्धवट टाकले, ते आठवून हा आकडा वाचावा.

गोव्याच्या माणसाला यात आणखी एक धागा दिसतो. आमच्याकडे रायतूरला 1616 साली फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, मराठीत. ते इंग्लंडहून आलेल्या, लॅटिन शिकलेल्या जेझुइटाचं काम. त्यानंतर तीनशे वर्षांनी त्याच येशूची कथा मराठी पद्यात लावून धरली ती चूल सांभाळणाऱ्या एका आजीने. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं 1938 मध्ये; ते त्यांना बघायला मिळालं नाही.

सुतळीने शिवलेली ती प्रत आता वाचण्याजोगी उरली नाही. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आवृत्ती मी वापरते. आजीचं पुस्तक नातवाने इतक्या निगुतीने जपावं, याचा मला आनंद आहे. पेडणे-डिचोलीतल्या वाचनालयांना माझं एक सांगणं आहे. ‘स्मृतिचित्रे’ ठेवाच, पण ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ‘ख्रिस्तायन’ही ठेवा, आणि नोंदवहीत कवीच्या रकान्यात रेव्हरंड टिळकांबरोबर लक्ष्मीबाईंचं नाव लिहायला विसरू नका.